बाळासाठी एक खोली

लेक पहिलटकरीण असली म्हणजे माहेरच्या माणसांच्या डोळ्याला डोळा लागत नाही. डोहाळजेवण, औषधपाणी, डिंकाचे लाडू, दुपटी, लंगोट ही यादी आपल्या आयाबायांना तोंडपाठ असते. पण लेकीला आणि बाळाला ठेवायचे कुठे, हा प्रश्न आपल्यासारख्या दोन-तीन खोल्यांच्या घरात अगदी शेवटी निघतो. मोठ्या लोकांकडे बाळाची निराळी खोली असते म्हणे. आपल्याकडे बाळंतिणीची खोली म्हणजे घरातला सर्वांत आतला आणि अंधारा कोपरा. वारा लागू नये, बाहेरचे कोणी डोकावू नये, एवढेच पाहिले जाते. त्या कोपऱ्याची भिंत ओली आहे काय, वरच्या लाकडाला काय लागले आहे, हे मान वर करून कोणी पाहत नाही. गेल्या वर्षी आमच्या घरी ही वेळ आली. जे पाहिले आणि जे शिकलो, ते वाचक बंधुभगिनींपुढे ठेवतो आहोत.

आम्ही जळगावचे. घरात कमावते दोघे. एक कचेरीत कारकून, एक अंगणवाडीत मदतनीस. कचेरी आणि अंगणवाडी सुटली की वस्तीची कामे असतात. कोणाचा जातीचा दाखला अडलेला, कोणाची शिष्यवृत्ती थांबलेली. घर वडिलांच्या वेळचे. पुढच्या दोन खोल्या पत्र्याच्या आणि मागची एक धाब्याची. आमच्या खानदेशात धाबे कोणाला सांगावे लागत नाही, पण आजची पोरे सिमेंटच्या स्लॅबखाली वाढली, त्यांच्यासाठी सांगतो. आडवा जाड सर, त्यावर कड्या, कड्यांवर फळ्या किंवा काटक्या, त्यावर मातीचा जाड थर आणि सगळ्यांत वर पांढुरकी खारी माती. या खारीत क्षार असतात. पाणी पडले की तिचे बारीक कण सुटे होऊन एकमेकांत गच्च बसतात आणि पाणी खाली उतरू देत नाहीत. दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर नवी खारी टाकली की धाबे उन्हाळ्यात गार आणि पावसाळ्यात कोरडे राहते. जळगावचा पारा मे महिन्यात ४५ अंशांवर जातो. त्या उन्हात धाब्याखाली झोपलेला माणूस पत्र्याखाली झोपायला राजी होत नाही. म्हणूनच लेकीसाठी आम्ही मागची खोली ठरवली. नऊ फूट बाय अकरा फूट.

या खोलीत तोवर वस्तीचा संसार होता. सतरंज्या, पाण्याचे ड्रम, मंडपाचे बांबू, जुनी रजिस्टरे. चौदा एप्रिलची जयंती पार पडली आणि आम्ही खोली रिकामी करायला घेतली. लेक धुळ्याला दिलेली. बाळंतपणाची तारीख ऑगस्टच्या मध्यावर. सातव्या महिन्यात, म्हणजे मे अखेर तिला आणायचे. हातात दीड महिना होता. भिंतीला हात फिरवायचा, रंग द्यायचा, पंखा लावायचा आणि खिडकीला जाळी बसवायची, एवढेच काम. वहीत अंदाज मांडला १८ हजार रुपये.

पहिला दगा भिंतीने दिला. ड्रम हलवल्यावर दिसले की कमरेएवढी भिंत पांढरी फुलली आहे. बोट लावले की मिठासारखी पूड हाताला येई. मिस्तरींनी आधी वरवर खरडून एका हातभर तुकड्यावर डिस्टेंपर मारून पाहिला. आठ दिवसांत त्याचे पापड सुटले. मग मिस्तरी म्हणाले, “भाऊसाहेब, हा रोग रंगाचा नाही, पाण्याचा आहे. पाणी कुठून येते ते शोधू.” शोध घेतला तर दोन कारणे निघाली. एक, जुन्या घराच्या पायावर ओल अडवणारा थरच नव्हता. जमिनीतले पाणी विटा शोषून घेतात, ते वर चढते, पाणी उडून जाते आणि क्षार भिंतीवर राहतात. दुसरे, भिंतीच्या पलीकडे मोरी. मोरीचा जुना लोखंडी पाइप भिंतीच्या पोटात गंजून झिरपत होता. बाहेरून थेंब दिसत नव्हता, सगळे पाणी भिंत पीत होती. मोरी फोडली, नवा पाइप टाकला, तीन फुटांपर्यंतचा गिलावा काढला. आणि मिस्तरींनी सांगितले, आता भिंत उघडी ठेवा, वाळू द्या. ओल्या भिंतीवर सिमेंट थापले तर ओल आत कोंडते आणि आणखी वर चढते. जुन्या विटांना चुन्याचा गिलावा बरा. तो ओल बाहेर सोडतो आणि चुन्यावर बुरशीही लवकर धरत नाही.

खिडकीच्या कोपऱ्यातून एक तिरपी भेगही गेली होती. तिचे कारण पायाखाली होते. आमची वस्ती काळ्या मातीवर आहे. ही माती पावसात फुगते आणि उन्हात आकसून फाटते, आणि तिच्याबरोबर हलक्या पायाचे घर दरवर्षी थोडे वर, थोडे खाली होते. अशी भेग नुसती सिमेंटने बुजवली तर पुढच्या उन्हाळ्यात शेजारी दुसरी निघते. भिंतीकडेला पाणी मुरू न देणे, पन्हाळीचे पाणी लांब सोडणे, हा गरिबाच्या हातातला उपाय. तो आम्ही केला.

दुसरा दगा वरून आला, आणि तो जिवावरचा होता. मेच्या दुसऱ्या आठवड्यात वायरमन पंख्याचा हुक पाहायला शिडीवर चढला. त्याने हुक ओढून पाहिला, तर हुक सरासकट पिठासारखा हातात आला. बोट घातले तर बोट आत गेले. वाळवीने सर आतून पोखरला होता, बाहेर नुसती सालपटाएवढी कातडी राहिली होती. कारकुनाला हिशेबाची सवय असते. नऊ बाय अकरा, मातीचा थर पाऊण फूट, म्हणजे सुमारे ७४ घनफूट माती. एका घनफुटाला ४५ किलो धरले तरी तीन टनांवर ओझे. ते त्या पोकळ लाकडावर उभे होते, आणि त्याच्याखाली आम्ही पाळणा टांगणार होतो. त्या रात्री घरात कोणी जेवले नाही.

धाबे उतरवले. माती वाहून न्यायला तीन दिवस लागले. आता वर काय घालायचे? स्लॅबची ऐपत नाही, शिवाय जुन्या भिंती ते वजन पेलणार नाहीत. दुकानदार म्हणाला, सिमेंटचे पत्रे घ्या, स्वस्त पडतात. पण या पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असते. पत्रा कापताना, भोक पाडताना, फुटताना त्याचे डोळ्यांना न दिसणारे तंतू उडतात आणि श्वासाबरोबर फुप्फुसात जाऊन बसतात. त्याचा आजार वीस-तीस वर्षांनी वर येतो. या धंद्यातल्या कामगारांच्या आरोग्यावर सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच निकाल दिला आहे. तान्ह्या बाळाच्या डोक्यावर ते नको, म्हणून लोखंडी पाइपवर रंगीत पत्रे घालायचे ठरले. पत्रा तापतो हे खरे. त्यावर उपाय म्हणजे वरून पांढरा चुना आणि आतून बांबूच्या चटईचे छत. पांढरे छप्पर ऊन परत फेकते. २०१० च्या उन्हाच्या लाटेत माणसे गेल्यावर अहमदाबाद शहराने २०१३ साली उष्म्याविरुद्ध आराखडा केला आणि पुढे त्यात गरीब वस्त्यांची छपरे पांढरी करण्याचे काम घेतले. जे शहराला परवडले, ते आपल्या घराला का परवडू नये?

तिसरा दगा विजेचा. भिंत ओली असताना वायरमनने टेस्टर लावला आणि भिंतीत करंट दाखवला. जुन्या अ‍ॅल्युमिनियमच्या तारांचे वेष्टण तडकलेले, अर्थिंग नावालाही नाही. रांगणारे लेकरू भिंतीला हात लावणारच. नवी तांब्याची तार, जमिनीत अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचे आर.सी.सी.बी. बसवले. वीज कुठे गळू लागली की हे बटण आपोआप पडते. पैसे लागले, पण इथे काटकसर करू नये.

पत्रे जूनच्या दहा तारखेला चढायचे होते. आठ तारखेला वळवाचा पाऊस आला. आमच्या भागात तो वाऱ्यासकट येतो. ज्यांची केळी आहे त्यांना विचारा, एका संध्याकाळी उभा बाग आडवा होतो. आमच्या उघड्या खोलीत घोट्याएवढे पाणी साचले. दीड महिना वाळवलेली भिंत पुन्हा ओलीचिंब. कामावर पाणी फिरणे म्हणतात ते हेच.

लेक अजून धुळ्यालाच होती. शेजारपाजाराला विषय मिळाला. “पहिले बाळंतपण आणि लेकीला आणायला जागा नाही? माहेर कशाला असते मग?” असे एक मावशी तोंडावर बोलल्या. मीटिंगांत सरकारी अधिकाऱ्याला प्रश्न विचारणारी माणसे आम्ही, पण या प्रश्नापुढे गप्प झालो. वाटे, मधल्या खोलीत पडदा लावू, पण लेकीला आणूच. तेवढ्यात धुळ्याहून विहीणबाईंचा फोन आला. त्या अहिराणीच बोलतात. म्हणाल्या, “जय भीम विहीणबाई. पोरगी जशी तुमनी शे, तशी आमनी बी शे. तिले आठेच राहू द्या. तुमी बी आठेच या ना.”

फोन ठेवला आणि घरात दोन दिवस वाद झाला. आजी कोपऱ्यात ऐकत होत्या. ऐंशीच्या घरातल्या, कमी बोलणाऱ्या. तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, “या धाब्याखाली माझी पाच बाळंतपणे झाली. दोन लेकरे महिन्याच्या आत गेली. कशाने गेली, कोणी सांगितले नाही. भिंत ओली होती आणि खोलीत धूर होता, एवढे आठवते. लोक काय बोलायचे ते बोलू द्या. लेकरू राहिले पाहिजे.” एवढी वर्षे एका घरात राहून ही गोष्ट आम्ही पहिल्यांदा ऐकली. त्यानंतर वाद उरला नाही. अंगणवाडीवालीने रजा टाकली आणि जुलैत धुळ्याची एस.टी. धरली. एरंडोल, पारोळा मागे टाकत ती लेकीकडे गेली. कारकून जळगावात मिस्तरींबरोबर राहिला. रोज रात्री फोनवर दोन्ही घरांचा हिशेब होई.

आणि बाळ तारखेची वाट न पाहता जुलैच्या अखेरीस आले. मुलगी. वजन दोन किलो शंभर ग्रॅम. अडीच किलोच्या आतले बाळ कमी वजनाचे धरतात. त्याच्या अंगावर चरबी नसते, ते स्वतःची ऊब टिकवू शकत नाही, म्हणून भर पावसाळ्यातही गार पडते. दवाखान्यातल्या सिस्टरने लेकीच्या छातीवर, कातडीला कातडी लागेल असे बाळ ठेवले, डोक्याला टोपी घातली आणि वरून ओढणीने बांधले. हिला कांगारू पद्धत म्हणतात. १९७८ साली कोलंबिया देशातल्या बोगोटा शहरात, काचेच्या पेट्या पुरेनात म्हणून डॉक्टरांनी ती सुरू केली, आणि आज जगभर ती मानली जाते. आईच्या अंगाची ऊब, जवळ दूध, जंतूंचा धोका कमी. चार महिने आम्ही विटा, पत्रे, चुना करीत होतो. बाळाची पहिली खोली त्याच्या आईची छाती होती, आणि तिला एक पैसाही लागला नाही. बाबाही बांधू शकतो म्हटल्यावर आमच्या जावयांनीही तासतासभर लेकीला छातीशी धरले. गल्लीतल्या बाया हसल्या. पण पुढे त्यांतल्याच दोघी आपल्या मुलांना हे दाखवायला घेऊन आल्या.

धुळ्याच्या घराचीही दुरुस्ती निघाली, ती विटांची नव्हती. धुळ्याच्या जुन्या गल्ल्यांतली घरे अरुंद आणि लांब. बाळंतिणीसाठी ठरवलेल्या आतल्या खोलीला एकच खिडकी, आणि तिच्यापुढे लोखंडी कपाट. शेकायला कोळशाची शेगडी पेटवायची, दार लावायचे, ओवा-लसणाची धुरी द्यायची, असा बेत होता. पूर्वीपासून चालत आलेले. आम्ही माहेरची माणसे, तिथे काय बोलणार? तिसऱ्या दिवशी आशाताई वजन करायला आल्या आणि त्यांनी विहीणबाईंना मायेने समजावले. बंद खोलीत कोळसा जळला की कार्बन मोनॉक्साइड वायू होतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणूस झोपेत जातो आणि शेजाऱ्याला कळत नाही. धुराने तान्ह्याची छाती भरते. विहीणबाई थोडा वेळ गप्प राहिल्या, मग मुलाला म्हणाल्या, कपाट सरकव. खिडकी उघडली, जाळी बसली. सातशे रुपयांत काम झाले. शेक गरम पाण्याच्या पिशवीने चालू राहिला, धुरी बंद झाली आणि काजळही गेले.

आशाताई सहा वेळा आल्या. दवाखान्यात बाळंतपण झाले तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी त्यांनी घरी यायचे असते. ही पद्धत आपल्याच महाराष्ट्रातली आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांतल्या बायांना घरच्या घरी नवजात बाळ सांभाळायचे शिकवले. हजारी ६२ बाळे महिन्याच्या आत दगावत, ती संख्या २५ वर आली. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आले आणि २०११ पासून देशभर आशांमार्फत ते काम सुरू झाले. आजींची दोन लेकरे कशाने गेली, ते आज सांगता येणार नाही. पण आपल्या दारात येणाऱ्या आशाताईंना कामवाली समजून उंबऱ्यावर उभे करू नका. त्यांना आत बोलवा, खोली दाखवा, शंका विचारा.

इकडे जळगावात पत्रे चढले, भिंत पुन्हा वाळली आणि ऑगस्टमध्ये चुन्याचे काम झाले. एक गोष्ट राहिली होती, आजींचा जुना हिरवा पाळणा. सुताराने तो खोलीतच खरडायला घेतला, तेव्हा त्याला थांबवले. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसे असायचे. आपल्या देशात २०१६ साली नियम झाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगात दहा लाख भागांत ९० भागांहून जास्त शिसे चालत नाही. त्याआधीच्या रंगाची धूळ लेकराच्या हातातून तोंडात गेली तर त्याच्या मेंदूच्या वाढीला मार बसतो. पाळणा पुसून, कपड्यात बांधून माळ्यावर ठेवला. सपाट, घट्ट गादीवर, आईजवळ, पाठीवर निजलेले बाळ पाळण्यावाचून काही अडवून धरत नाही.

वहीतला जमाखर्चही सांगतो, कारण खर्चाचे आकडे कोणी सांगत नाही आणि म्हणून दुसऱ्याचा अंदाज फसतो. धाब्याची माती काढून वाहणे ५,०००. पत्रे, पाइप व जोडकाम २०,५००. मोरी व नळकाम ४,८००. गिलावा, चुना व मजुरी १३,२००. वायरिंग ७,४००. खिडकी व जाळी ५,६००. किरकोळ १,५००. एकूण ५८,०००. अंदाज होता १८,०००. वरच्या ४० हजारांपैकी ३० हजार सोसायटीचे कर्ज आणि १० हजार भिशीचे. हप्ते चालू आहेत.

ज्यांच्या घरी लेक किंवा सून दिवसांची आहे, त्यांना सांगणे इतकेच. रंग शेवटी येतो. आधी छताच्या लाकडात स्क्रू-ड्रायव्हर टोचून पाहा, मग मोरीचे आणि पन्हाळीचे पाणी पाहा, मग वायरी, मग भिंत. काम बाळंतपणाच्या दोन महिने आधी संपेल असे धरा, म्हणजे पाऊस, मजूर आणि पैसा यांची ओढाताण झाली तरी महिना हातात राहील. ताज्या रंगाच्या वासात बाळंतीण ठेवू नका. आणि खोली झाली नाही तर लाज धरू नका. दोन घरांत जी खोली कोरडी, उजेडाची आणि बिनधुराची असेल ती बाळाची. माहेर-सासर हा विचार त्यानंतर.

नात ऑक्टोबरमध्ये जळगावला आली तेव्हा तिचे वजन सव्वाचार किलो होते. खोलीचा एक कोपरा अजून पोपडे धरतो, तो दर महिन्याला खरडून चुना लावतो. आजी दुपारभर तिथेच तिच्याशेजारी असतात. वस्तीच्या सतरंज्या आणि ड्रम समाजमंदिरात हलवले आहेत. तिथल्याही छताचे लाकूड एकदा पाहायला हवे, हे येत्या बैठकीत मांडणार आहोत.